रापणीचा वाटा

आपल्या शाळेने साठ वर्षे पूर्ण केली. या साठ वर्षांच्या अवधीतच कोकण किनाऱ्यावरील एक जुनी संस्था क्षीण होत गेली. तिला इमारत नव्हती, लेखी घटना नव्हती. त्यामुळे पाठ्यपुस्तकांनी तिची दखल घेतली नाही. त्या संस्थेचे नाव रापण. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या माळव्यातील या शाळेत मी अनेक वर्षे इतिहास शिकविला; परंतु सामुदायिक मालकी या शब्दाचा अर्थ मला प्रथम कळला तो मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यानच्या एका लहानशा मच्छीमार गावात. माझे बालपण तेथे गेले.

गाव म्हणजे माडांच्या सावलीतील चाळीसेक घरे. वस्ती मुख्यतः गाबीत समाजाची. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि मराठ्यांचे आरमार याच किनाऱ्यावर वाढले. आमचे वृद्ध त्या आरमाराच्या गोष्टी काल घडल्यासारख्या सांगत. मात्र गावाचा रोजचा इतिहास वाळूवर घडत असे, आणि त्याच्या केंद्रस्थानी रापण होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब जाळे. ते एका घराचे नसे. प्रत्येक घर आपल्या जाळ्याचा तुकडा आणी. ते तुकडे जोडून रापण सिद्ध होई. एखादा अनुभवी म्हातारा उंचवट्यावर बसून पाण्याचा रंग न्याहाळी. बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा आला की पाणी काळवंडते आणि वर पक्षी घिरट्या घालू लागतात. खूण मिळताच दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघे, जाळे सोडीत अर्धवर्तुळाकार वळे आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणून देई. मग दोन्ही बाजूंनी माणसे काथ्याच्या दोराला लागत आणि ओढता ओढता एकमेकांजवळ सरकत. ‘रापण इली!’ अशी आरोळी उठली की आम्ही मुले दप्तरे माडाच्या बुंध्याशी टाकून दोराच्या शेपटाला लोंबकळत असू. गुरुजींनाही हे ठाऊक होते. त्या दिवशी हजेरी उशिरा होई.

मासळी वाळूवर पडली की वाटे घातले जात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, हातांचा वाटा. कर्ता पुरुष समुद्रात गमावलेल्या घराच्या जाळ्याचा तुकडा रापणीत कायम राही आणि त्याचा वाटा त्या विधवेच्या दारी पोहोचे. आम्हां मुलांनाही ओंजळभर पेडवे मिळत. आमच्या ओढण्याने जाळे बोटभरही पुढे सरकत नसेल. तरीही ज्याचा हात दोराला लागला त्याला रिकाम्या हाताने पाठवावयाचे नाही, हा नियम होता. उरलेली मासळी पाटीत भरून बायका बाजार गाठीत; जास्त झाली तर मीठ लावून सुकवीत. मीठ ही किनाऱ्याची केवढी गरज होती, हे ध्यानात घेतले म्हणजे १९३० साली जवळच्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह का पेटला, हेही उमगते.

समुद्रालाही विश्रांती असे. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून कोणी पाण्यात उतरत नसे. माशांच्या विणीचा काळ हाच, हे शास्त्र आम्ही पुढे शाळेत शिकलो.

स्वातंत्र्यानंतर मत्स्योत्पादन वाढविणे ही देशाची गरज ठरली. १९५३ मध्ये केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक मासेमारीला चालना मिळाली. कोळंबीला परदेशांत चांगला भाव येऊ लागल्यावर तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. त्यापाठोपाठ पर्ससीन जाळी आली. पिशवीचे तोंड दोरीने आवळावे तसे हे जाळे अख्खा थवा खोल समुद्रातच कोंडते. रापण माशांची वाट पाहणारी, पर्ससीन त्यांच्यामागे जाणारी. वाटेतच थवे उचलले गेल्यावर किनाऱ्यावर येणार काय? सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटक किनाऱ्यावरील रांपणी याच कारणाने झपाट्याने बंद पडल्या.

गोव्यातील रापणकारांनी मात्र संघर्ष केला. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांनी तो देशपातळीवर नेला. १९८० मध्ये गोव्यात आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. पारंपरिक मच्छीमारांचा किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील हक्क मान्य झाला. पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले, तर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. कायदे झाले, त्यांच्या अंमलबजावणीसाठीचा झगडा अद्याप चालू आहे.

यंत्रांना सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. वादळात शिडाच्या होडीतून घरी न परतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि यंत्राने कित्येकांचे प्राण वाचविले आहेत. परंतु जाळे मोठे होत गेले तसतसे वाटेकरी कमी होत गेले. बोट एका मालकाची झाली, दोर ओढणारे मजूर झाले, आणि विधवेच्या वाट्याची तरतूद कोणत्याच हिशेबात उरली नाही. उत्पादनाचे आकडे सरकारी अहवालांत सापडतात; वाट्यांचा हिशेब मात्र केवळ माणसांच्या स्मरणात आहे.

सिंधुदुर्गात आजही काही ठिकाणी रापण ओढली जाते. तिचे नियम सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची मुळे त्याच किनाऱ्यावर आहेत. सुटीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांजवळ बसा; त्यांच्या रापणीत किती घरांची जाळी होती, वाटे कसे पडत, कोणाचा वाटा कधीच चुकत नसे, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा.