भुसा आणि नळी : मेहरूणच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

लाकूडकामाच्या यंत्रांविषयी जे लेखन झाले आहे, त्यात यंत्राने काय घडविले याचा विचार सविस्तर आढळतो; यंत्राने हवेत काय उडविले, याचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. जळगाव शहरालगतच्या मेहरूणसारख्या वस्तीत घराच्या ओसरीवर किंवा मागील पत्र्याच्या शेडमध्ये विजेची गोल करवत व रंधायंत्र बसवून काम करणाऱ्या कारागिरापुढे हा प्रश्न रोजचाच असतो. करवतीच्या तोंडाशी शोषणनळी जोडावी की नाही, आणि जोडावयाची तर कशी, ही वरकरणी किरकोळ वाटणारी बाब आहे. तथापि तिच्यामागे भाषेचा, श्रमाचा आणि कायद्याचा दीर्घ इतिहास उभा आहे. त्याची रूपरेषा मांडणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम शब्दांकडे पाहू. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ यापासून, तर करवत ‘करपत्र’ यापासून आला. रंधा हा फारसी ‘रंदा’चा मराठी अवतार होय. ‘भुसा’ हा शब्द मात्र सुताराच्या घरचा नव्हे. संस्कृत ‘बुस’ व पाली ‘भुस’ यांचा अर्थ धान्याचे टरफल, कोंडा असा आहे. खळ्यावर धान्य उफणताना वाऱ्याने जे बाजूला पडते, त्याचे नाव करवतीखाली पडणाऱ्या चुऱ्याला मिळाले. या अर्थांतरात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. खळ्यावरचा भुसा टाकाऊ नव्हता; तो गुरांपुढे जात असे. लाकडाच्या भुशालाही असाच उपयोग होता. पत्र्याच्या डब्यात मधोमध दांडा उभा धरून भोवती भुसा ठासावयाचा, मग दांडा काढून घेऊन त्या पोकळीत जाळ घालावयाचा, अशी भुशाची शेगडी महाराष्ट्रातील असंख्य घरांतून पेटत असे. घरोघरी गॅस आला, आणि भुशाचे मोल गेले. जो भुसा गोणीत भरला जात होता, तो आता केवळ झाडून टाकावयाचा केर ठरला.

त्याच सुमारास भुशाचे स्वरूपही पालटत होते. हातरंध्याखाली लाकडाच्या लांब ढलप्या निघतात व पायाशी पडतात. हातकरवतीचा चुराही बराचसा जाड असतो. वेगाने फिरणारी करवत आणि विशेषतः घासण्याचे यंत्र यांतून जी बारीक पूड निघते, ती जमिनीवर न पडता तासन् तास तरंगत राहते. तिचे सूक्ष्मतम कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि झाडूने ते पुन्हा हवेतच उडतात. मराठीत या तरंगत्या पुडीला वेगळे रूढ नाव नाही. जाड चुरा व बारीक धूळ या दोहोंना ‘भुसा’ हा एकच शब्द लावला जातो. नावाचा हा अभाव धोक्याच्या जाणिवेचा अभाव सुचवितो, असे म्हणण्यास जागा आहे.

वाऱ्याच्या जोराने माल अथवा धूळ नळातून वाहून नेण्याची कल्पना खानदेशाला सर्वस्वी परकी नाही. हा कापसाचा प्रदेश. अमेरिकेतील रॉबर्ट मंगर याने 1880 नंतरच्या दशकात शोषणनळातून कापूस सरकीयंत्रापर्यंत नेण्याची रचना सिद्ध केली. भारतातील जिनिंग कारखान्यांत मात्र कापूस पुढे दीर्घकाळ मजूर स्त्रियांच्या डोक्यावरूनच वाहिला गेला. नळांची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर आली ती 2000 साली सुरू झालेल्या कापूसविषयक राष्ट्रीय तंत्रज्ञान मोहिमेनंतर. ज्ञान उपलब्ध असूनही शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडले, याचे एक प्रमुख कारण स्वस्त मजुरी हे होय.

कायद्याने या विलंबास हातभारच लावला. 1881 चा पहिला भारतीय कारखाना कायदा शंभर वा अधिक कामगारांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन त्यातून सहज निसटले. त्यांना कायद्याच्या कक्षेत आणण्याचे काम 1911 च्या कायद्याने केले. 1948 च्या कारखाना कायद्यातील चौदावे कलम धुळीसंबंधी आहे. धूळ जेथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितक्या निकट शोषणयंत्रणा लावावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असे तत्त्व त्यात ग्रथित झाले. पण हा कायदा सामान्यतः यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व दहा कामगार असलेल्या कारखान्यांस लागू होता. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही संख्या वीसवर नेली. पूर्वी हंगामाच्या हिशेबाने जिन सुटले, तसा माणसांच्या हिशेबाने घरचा कारखाना सुटतो.

यात गमावले काय जाते, हे आता संशयास्पद राहिलेले नाही. इंग्लंडमधील हाय विकम परिसरात खुर्च्या व फर्निचर बनविणाऱ्या कामगारांत नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे तेथील वैद्यांनी 1960 नंतरच्या दशकात दाखवून दिले. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केला. घरच्या कारखान्यात ही धूळ एकट्या कारागिराच्या वाट्याला येत नाही. तेथे स्वयंपाक होतो, मुले अभ्यास करतात.

कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे त्याचे तत्त्व कारागिराला स्वतःच अमलात आणावे लागते. साधनांची वाण जळगावात तरी नाही. मेहरूण तलावाचे पाणी नळांनी शहरात आणले गेले होते. आणि 1980 मध्ये भवरलाल जैन यांनी पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केल्यापासून या शहराचे नावच पाइपांशी जोडले गेले. अडचण येते ती सांध्यावर. पाण्याचा पीव्हीसी पाइप बाहेरील व्यासाने मोजतात : 63, 75, 90, 110 मिलिमीटर. परदेशी धर्तीच्या यंत्राचे भुसा बाहेर टाकणारे तोंड बहुधा चार इंची, म्हणजे सुमारे 100 मिलिमीटर असते, आणि हातयंत्राचे त्याहून पुष्कळच लहान. दोन मापपद्धतींतील ही फट रबरी बाही, रिड्यूसर व पट्टी-क्लिप यांनी बुजवावी लागते. पाइपाचे तोंड तापवून फुगविण्याची शेतकऱ्यांची रीत येथेही चालते. मात्र पीव्हीसी करपला तर त्यातून विषारी वायू निघतो.

माप चुकल्यास होणारी हानी गणिताने स्पष्ट होते. भुसा नळीत न साचता वाहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर हवा. त्या वेगाने 100 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून तासाला सुमारे 565 घनमीटर हवा जाते. व्यास निम्मा केला की ती एक-चतुर्थांश, सुमारे 141 घनमीटर उरते. म्हणून घरगुती व्हॅक्यूम क्लीनर हातयंत्राच्या अरुंद तोंडाला पुरतो, रंधायंत्राच्या रुंद तोंडाला पुरत नाही. वळ्यांची लवचीक नळी गुळगुळीत पाइपापेक्षा हवेला कितीतरी अधिक अडविते. तिचा उपयोग अखेरच्या हात-दीड हातापुरताच करावा. काटकोनी वळणापेक्षा तिरपी शाखा बरी, आणि बंद यंत्राकडे जाणाऱ्या शाखेला झडप हवी. प्लास्टिकच्या नळीत घर्षणाने स्थिरविद्युत साचते. तिचा झटका टाळण्यासाठी तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीशी जोडण्याची प्रथा आहे. ज्या पिशवीतून बारीक पूड पुन्हा खोलीत गळते, ती पिशवी असून नसल्यासारखीच. शक्य तर पंखा व पिशवी भिंतीबाहेर असावी.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की, नळी केव्हा व कोठे आली हे यंत्रविद्येच्या प्रगतीवरून ठरलेले नाही. कोणाचा श्वास हिशेबात धरला गेला, यावरून ते ठरले. जिनमधील स्त्रिया 1911 पर्यंत कायद्याच्या गणतीत नव्हत्या. ओसरीवरचा सुतार आजही नाही. त्याच्या करवतीच्या तोंडाशी नळी बसते तेव्हा ती त्याच्या स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या समजुतीने बसते. खानदेशातील उद्योगांचा इतिहास लिहिताना कारखान्यांच्या नोंदवहीबरोबर या नोंदवहीबाहेरच्या कारागिराचाही मागोवा घेतला गेला पाहिजे.