कटोरी आणि गाठ

चिनहट हे लखनौच्या पूर्वेस फैजाबादच्या वाटेवर वसलेले जुने गाव. आज ते वाढत्या शहरात सामावून गेले आहे. मराठी मनाला त्याची ओळख आहे ती 1857 च्या संग्रामामुळे. कानपूर नानासाहेब पेशव्यांच्या हाती गेल्याचे वर्तमान लखनौस पोहोचले आणि त्यापाठोपाठ, 30 जून 1857 रोजी, सर हेन्री लॉरेन्स फौज घेऊन चिनहटवर चालून गेला. तेथे त्याचा पराभव झाला आणि लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला.

या वेढ्याच्या रोजनिश्या छापल्या गेल्या, तोफांची मोजदाद झाली. परंतु त्याच लखनौच्या घराघरांतून स्त्रिया आपले अंगालगतचे वस्त्र कशा बेतीत, ते अंगाला नीट बसले की नाही हे कशावरून ओळखीत, याचा सलग इतिहास फारसा कोणी लिहिला नाही. तो शब्दकोशांतून आणि शिंप्यांच्या बोलीतून वेचावा लागतो.

अवधच्या स्त्रियांच्या वेषात कुर्तीखाली 'अंगिया' असे. उरोभाग सावरणारे हे तंग, आखूड वस्त्र पाठीवर बंदांनी बांधीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या 'हिंदी शब्दसागर' या कोशात त्याच्या अवयवांची नावे नोंदलेली आहेत. उरोज ज्यात सामावतात तो भाग म्हणजे 'कटोरी', आणि दोन कटोऱ्यांना जोडणारी मधली शिवण म्हणजे 'चिड़िया'. याचा अर्थ असा, की उराच्या वस्त्राला सपाट कापड पुरत नाही, त्याला खोलगट आकार द्यावा लागतो, हे ज्ञान येथील सुईला चांगले अवगत होते. मराठी शिंपी आजही 'कटोरी ब्लाऊज' म्हणतो, तेव्हा हाच शब्द त्याच्या तोंडी असतो.

महाराष्ट्रात हे काम चोळीने केले. गुळेदगुड्डच्या मागांवर विणलेला खण घरी आला, की घरातील जाणती स्त्री तो बेती. बेतणे या क्रियापदात योजणे आणि कापणे हे दोन्ही अर्थ आहेत. मापाची पट्टी हाताशी नसली तरी अडत नसे. नीट बसणारी जुनी चोळी हेच माप. चोळीचे खरे मर्म मात्र तिच्या गाठीत होते. पुढची दोन टोके छातीच्या खाली, बरगड्यांवर आवळून गाठ मारली, की सारा भार त्या गाठीवर आणि पाठीच्या पट्ट्यावर येई. खांद्यांवर ओढ पडत नसे. ही गाठ रोज नव्याने बांधली जाई. अंग भरले तर ती किंचित सैल होई, उतरले तर घट्ट. गर्भारपणाच्या आरंभी गुपचूप चोरचोळी देण्याची रीत होती. तिचा हेतू मंगलाचा; पण त्या निमित्ताने पालटत्या अंगासाठी नवी चोळीही घरात येई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुशिक्षित घरांत चोळीची जागा हळूहळू पोलक्याने, पुढे झंपराने आणि ब्लाऊजने घेतली. गाठ गेली, बटणे व हूक आले. गाठीचे काम आता आतल्या वस्त्राकडे गेले आणि ते वस्त्र परदेशी घडणीचे होते. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिने दोन हातरुमाल आणि फीत जोडून केलेल्या ब्रेसियरला 3 नोव्हेंबर 1914 रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले. 1932 मध्ये कॅम्प नावाच्या अमेरिकन कंपनीने कटोरीच्या खोलीला ए, बी, सी, डी अशी अक्षरे लावली. अंक आणि अक्षर मिळून माप ठरू लागले.

तयार माप आले, पण त्याबरोबर संकोचही आला. घरातील जाणत्या बाईला जे नि:संकोच विचारता येई, ते दुकानात विचारणे जड जाऊ लागले. आईचा किंवा मैत्रिणीचा अंक तोच आपला, असे समजून अनेकींनी वर्षानुवर्षे काचणारे पट्टे सोसले. त्यात एका जुन्या हिशेबाची भर पडली. बरगड्यांच्या मापात चार इंच मिळवावेत असा नियम कापडाला ताण नसलेल्या काळात रूढ झाला. लवचीक पट्टा आल्यावरही तो नियम मागे उरला आणि पट्टे सैल, कटोऱ्या अपुऱ्या असे होऊ लागले.

वास्तविक हे माप घरी, आरशासमोर, शिवणकामाच्या टेपने घेता येते. छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर ठेवून घेतलेले इंच हा पट्ट्याचा अंक. तो विषम आला तर पुढचा सम धरावा. मग छातीच्या सर्वांत भरीव भागावरून, टेप न आवळता, दुसरे माप घ्यावे. दोहोंतील अंतर एक इंच असल्यास ए, दोन असल्यास बी, तीन असल्यास सी, चार असल्यास डी. बरगड्यांवर 32 आणि छातीवर 35 भरले तर माप 32 सी. जुन्या हिशेबाने हीच स्त्री 36 चा सैल पट्टा घेऊन घरी येई.

टेपचा निर्णय मात्र अखेरचा नव्हे. तो अंगाने द्यावयाचा. किंचित पुढे वाकून उरोभाग कटोरीत नीट बसवावा. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. खांद्यांवर वळ उठत असतील तर पट्ट्याचे काम खांदे करीत आहेत. कटोरीच्या काठावरून अंग बाहेर येत असेल तर कटोरी लहान, काठ पोकळ राहत असेल तर मोठी. दोन कटोऱ्यांमधली जोड छातीच्या हाडावर सपाट टेकली पाहिजे. नवे वस्त्र सर्वांत सैल हुकावर नीट बसले पाहिजे. कापड ताणले जाईल तसे आतल्या हुकांकडे यावे.

या कसोट्या आधुनिक म्हणून सांगितल्या जातात. परंतु हाडावर टेकणारी ती जोड म्हणजे अंगियाची चिड़ियाच, आणि दिवसागणिक घट्ट करावयाचा तो हूक म्हणजे चोळीचीच गाठ. अंकांची पद्धत उपयोगी खरी. पण शरीर वयाबरोबर, बाळंतपणाबरोबर पालटते आणि अंक तेथेच राहतो. म्हणून माप एकदा घेऊन संपत नाही. खणाची चोळी बेतणाऱ्या बायांना हे कोणी शिकविले नव्हते. रोज सकाळी गाठ मारताना त्यांच्या बोटांना ते कळत होते.