वन्स मोअरचा मान, दौलतजादाचा कलंक

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात पुणे, मुंबई, सांगली, बडोदे, इंदूर, नागपूर, हुबळी ही गावे पुन्हा पुन्हा भेटतात. परभणी जिल्ह्यातले पूर्णा भेटत नाही. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे 1900च्या सुमारास सुरू झाली, पुढे पूर्णेतून हिंगोलीकडे फाटा फुटला आणि हे गाव जंक्शन झाले. इंजिनांची शेड, कामगारांची वसाहत, गाडी बदलणाऱ्यांची वर्दळ हे सगळे पूर्णेला होते. फिरत्या नाटक मंडळीला आणखी काय हवे असते? तरीही मोठ्या संगीत मंडळ्यांच्या ठरलेल्या मुक्कामांत मराठवाड्यातली गावे फारशी नव्हती. इथल्या माणसाने गाणारे रंगभूषेतले पात्र पाहिले ते बहुधा जत्रेतल्या तमाशाच्या कनातीत. म्हणून पूर्णेसारख्या गावच्या प्रेक्षकाने फिरत्या संगीत खेळाला कशी दाद दिली हे शोधताना नाट्यगृहापेक्षा फडाकडे जास्त पाहावे लागते. तिथे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. संगीत नाटकातला वन्स मोअर आणि तमाशातला दौलतजादा ही एकाच जातीची दाद आहे. दोन्हींत प्रेक्षक चालू खेळ थांबवतो, आपली पसंती मोठ्याने सांगतो आणि पुढे काय व्हावे हे ठरवतो. दोन्ही दादींनी आपापल्या खेळाची घडण बदलली. तरी एक रसिकतेची खूण ठरली आणि दुसरी गावंढळपणाची. हा भेद कलेने केलेला नाही, त्याची कारणे कलेबाहेरची आहेत, असे माझे म्हणणे आहे.

आधी संगीत मंडळ्या इकडे का वळल्या नाहीत ते पाहू. मनमाडला रुळाची रुंदी बदलत असे, तेव्हा पडदे, पेट्या आणि सिंहासने मोठ्या गाडीतून उतरवून मीटर गेजच्या डब्यांत भरायची म्हणजे केवढा खटाटोप, असे उत्तर सुचते. पण पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी हा रस्ताही मीटर गेजचाच होता आणि त्याच रस्त्यावर नाटक मंडळ्यांची सर्वाधिक ये-जा होती. त्यामुळे दोष रुळांना देता येत नाही. दक्षिणेकडे सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, जमखंडी यांसारखी नाटकाची आवड असलेली संस्थाने होती, मराठी शाळांतून शिकून निघालेला नोकरदार, वकील, व्यापारी वर्ग होता आणि तिकीट काढून बसायची सवय होती. मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या राज्यात दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी वाचणारा मध्यमवर्ग विरळ राहिला. त्यात 1929 सालच्या गश्ती निशाण 53 या फर्मानाने पूर्वपरवानगीशिवाय सभा भरवणे अवघड केले. सरकारला जमावाची भीती वाटते, आणि नाटकाचा प्रेक्षक हाही जमावच असतो. ब्रिटिश मुलखात खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 साली बंदी आली, तेव्हा त्या प्रयोगाविषयी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आलेल्या वर्णनात प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरचा ताण आवर्जून टिपलेला होता. निजामाच्या राज्यात ही भीती कमी असण्याचे कारण नव्हते. जत्रा मात्र देवाची असते. तिच्यातल्या फडावर बंदी घालणे सोपे नसते.

आता त्या दोन दादींकडे वळू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांत ‘सौभद्र’ आले. या सुरुवातीच्या नाटकांत पदांची रेलचेल होती. ‘सौभद्रा’त शंभरावर पदे आहेत. पदे छोटी होती, संवादाचेच काम करणारी, चटकन संपणारी. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने लोक वेडे झाले, एकेक पद पुन्हा मागू लागले. तीस वर्षांनी, 1911 साली, ‘मानापमान’ आले आणि 1916 साली ‘स्वयंवर’. यांतली पदांची संख्या ‘सौभद्रा’च्या जवळपास निम्म्यावर आली होती, पण प्रयोग लहान झाला नव्हता. तो पहाटेपर्यंत लांबू लागला होता. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी चाली देताना बालगंधर्वांना खुलवत न्यायला जागा ठेवल्या, कारण श्रोते ते पद एकदा ऐकून सोडणार नाहीत हे मंडळीला ठाऊक झाले होते. नाटककाराने पदे कमी लिहिली, गायकाने ती वाढवली आणि या दोघांच्या मधे प्रेक्षकाचा हट्ट उभा होता. साथीला अहमदजान थिरकवांसारखा तबलजी ठेवण्याइतका खर्च गंधर्व मंडळीने केला, तोही या मागणीच्या जोरावर. संगीत नाटक हळूहळू मैफिलीकडे सरकले, ते प्रेक्षकाच्या ओढीने. कोणी लेखणीने तसा बेत आखलेला नव्हता.

फडातही हेच घडले. ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, मग गवळण, तिच्यात राधा, मावशी आणि पेंद्याची थट्टामस्करी, मग बतावणी, लावण्या आणि मध्यरात्रीनंतर वग. लावणी चालू असताना प्रेक्षकांतला कोणी नोट पुढे करतो, नाची किंवा सोंगाड्या ती घेऊन देणाऱ्याचे नाव, गाव मोठ्याने पुकारतो आणि त्याची फर्माईश पुरी होते. हाच दौलतजादा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. पूर्णा, परभणी, लोहा, गंगाखेड या सगळ्या पट्ट्याची ही मोठी जत्रा. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, वारू अंगात येणारे भक्त आणि त्यांच्या शेजारीच तमाशांचे तंबू. खरिपाचा माल हातातून गेलेला असतो, खिशात चार पैसे असतात. या दिवसांत शेतकरी दाद देतो ती पैशाने देतो, कारण वर्षातून एवढ्याच काळात त्याच्याकडे पैसा असतो. एकाच यात्रेत शेजारी शेजारी अनेक फड लागत, तेव्हा कनातीबाहेरची गर्दी कुठे वळते हीच परीक्षा होती. शिट्टी, फेटा उडवणे, आरोळी आणि शेवटी उठून शेजारच्या तंबूत जाणे अशी या प्रेक्षकाची चढती-उतरती दाद होती. फडमालकाला ती वर्तमानपत्रातल्या परीक्षणापेक्षा लवकर कळे. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा याच ताणातून तयार झाला. दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मधली करामत किंवा वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी समोरच्या माणसांशी मांडलेला खेळ ही त्या परंपरेची फळे आहेत. संहिता तीच असे, पण प्रत्येक रात्रीचा खेळ त्या रात्रीच्या लोकांनुसार वेगळा होई.

यावर पहिला आक्षेप असा की वन्स मोअर फुकट असतो, दौलतजादा विकत असतो. टाळ्यांनी मागितलेली गोष्ट आणि नोटेने मागितलेली गोष्ट एक कशी? आक्षेप वजनदार आहे, पण तो संगीत नाटकाचे अर्थकारण विसरतो. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा संयुक्त ‘मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, तेव्हा पुढच्या रांगेच्या तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता असे सांगतात. त्या काळी तो अनेकांच्या महिन्याच्या पगाराहून मोठा आकडा होता. पुढच्या रांगेतल्या माणसाने आपला दौलतजादा दारातच मोजलेला असे. कनातीतला शेतकरी तोच पैसा खेळाच्या मध्यावर, सगळ्यांसमोर आणि स्वतःच्या नावानिशी देत होता. फरक पैसे देण्याच्या वेळेचा आणि जागेचा आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला पळवाट काढू नये. नोट पुढे करणारा हात नाचणाऱ्या बाईचा हात धरण्याचाही हक्क मागतो, दाद आणि अपमान एकाच नोटेत गुंडाळलेले असतात, असे तो म्हणतो. हे खरे आहे. तमाशातल्या स्त्रिया बहुतांशी कोल्हाटी, महार, मांग समाजातून आल्या आणि समोर बसणाऱ्या बागाइतदाराने त्यांना कलावंत मानण्याआधी आपल्या पायरीखालचे मानले. नुसत्या गाण्या-नाचाच्या संगीत बारीच्या बैठकीत हा अपमान अधिक उघडा होतो. पण मग हेही विचारले पाहिजे की संगीत नाटकातल्या दादेला हा डाग का लागला नाही. तिथे भामिनी, रुक्मिणी, सिंधू या पुरुषांनी उभ्या केल्या. 1930च्या दशकापर्यंत मोठ्या मंडळ्यांच्या स्त्रीभूमिका बहुतांशी पुरुषांच्याच होत्या. ज्योत्स्ना भोळे 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’त उभ्या राहिल्या तेव्हा ती बातमी होती. बालगंधर्वांच्या शालूवर आणि गळ्यावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला रंगमंचावरच्या खऱ्या स्त्रीशी कसलाच व्यवहार करायचा नव्हता, म्हणून त्याची आसक्ती रसिकता म्हणून खपली. फडात खरी स्त्री उभी होती, तीही दलित किंवा भटक्या समाजातली. कलंक दादेच्या रीतीतून आला नाही. तो जातीतून आणि बाईकडे पाहण्याच्या नजरेतून आला, आणि समाजाने तो नजरेऐवजी कलेवर चिकटवला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेच्या अटी घालून ती उठवली. त्या सुधारणेतही फडाकडून सोज्वळपणाची अपेक्षा होती. प्रेक्षकाच्या वागण्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकली गेली नाही.

हा प्रेक्षक केवळ मागणाराच होता असेही नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. लोकांच्या ते ध्यानात आले तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले. ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांच्या मुलीचे निधन झाले, तरी प्रयोग झाला. ही कथा नाट्यरसिकांनी कलावंताच्या निष्ठेचा दाखला म्हणून जपली, आणि ते योग्यच आहे. विठाबाईंच्या हकीकतीत निष्ठेबरोबर प्रेक्षकाचा विवेकही आहे. पैसे मोजलेल्या, रात्रभर बसायच्या तयारीने आलेल्या खेडुतांनी आपला हक्क आपण होऊन सोडला. फडाच्या प्रेक्षकाला रांगडा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरा आक्षेप ऱ्हासाचा आहे. प्रेक्षकाच्या हाती खेळ दिला म्हणून तमाशाचे वाटोळे झाले, लोकांनी सिनेमाची गाणी मागितली, वग गेला, नुसता नाच उरला, असे जाणते लोक खंतावून म्हणतात. संगीत नाटकाविषयीही हेच म्हटले गेले. वन्स मोअरने नाट्य मारले, म्हणून ‘आंधळ्यांची शाळा’ने मोजकी पदे आणि आटोपशीर प्रयोग ही वाट धरली. प्रेक्षकाच्या हट्टाने खेळ बिघडतोही, हे नाकारता येत नाही. पण संगीत मंडळ्या बसल्या त्या बोलपटाने. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि गावोगावच्या नाट्यगृहांवर सिनेमाचे पडदे लागले. वगाच्या ऱ्हासाचे एक कारण तर कायद्यात आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आले. वग सुरूच व्हायचा मध्यरात्रीनंतर. ज्या खेळाचे हृदय मध्यरात्रीनंतर धडधडते त्याला दहा वाजता आवरायला सांगितले, तर उरतील गण, गवळण आणि चार गाणी. फडमालकांनी या वेळेच्या बंधनातून सवलत वारंवार मागितली आहे. सगळा दोष शिट्टी मारणाऱ्या पोरांवर टाकणे अन्यायाचे आहे.

दाद देण्याची हीच रीत वेगळ्या हेतूला जोडली की काय होते, याचे उत्तर आंबेडकरी जलशांनी दिले. भीमराव कर्डकांनी नाशिकहून जलशाचा फड फिरवला, गणपतीचे नमन आणि कृष्णाची गवळण टाकून दिली आणि तमाशाच्याच साच्यात अस्पृश्यतेविरुद्धचा विचार मांडला. वामनदादा कर्डकांनी पुढे तोच वारसा गीतांतून गावोगाव नेला. पूर्णेची रेल्वे वसाहत आणि तिथला बुद्धविहार या परंपरेचे घर आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमात गायकाच्या हातात नोट ठेवणारा माणूस, मागचे पुन्हा गायला लावणारा माणूस आणि मधेच जयघोष करणारा माणूस हे तिघेही फडाच्या प्रेक्षकाचेच वंशज आहेत. नोट तीच आहे, देण्याची रीत तीच आहे, पण इथे कोणी कोणाच्या पायरीखाली नाही, म्हणून तिच्यात अपमान उरलेला नाही. दौलतजादा ही रीत मुळात हीन नाही, याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

या सगळ्याची नोंद मात्र फार एकांगी आहे. संगीत नाटकाची आत्मचरित्रे, परीक्षणे, ध्वनिमुद्रिका आणि छायाचित्रे जपली गेली. फडांच्या सुपारीचे कागद, यात्रा समित्यांच्या वह्या, भिंतीवर चिकटवलेली पत्रके आणि कोणत्या गावाने काय मागितले याच्या आठवणी कोणी जपल्या नाहीत. माळेगाव, पूर्णा, गंगाखेड, हिंगोली या भागांत रात्र रात्र कनातीत बसलेले लोक आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. शाळा-महाविद्यालयांतल्या मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ज्यांच्या घरी जुनी पत्रके किंवा फडाचे हिशेब असतील त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयात द्यावेत.