राजाचं नाव नसलेला इतिहास

मंडळी, दगडांची वर्तुळं म्हटलं की बहुतेकांना इंग्लंडचं स्टोनहेंज आठवतं. आपल्या विदर्भात अशी शेकडो वर्तुळं आहेत असं सांगितलं, की आमच्या घरचेसुद्धा "काहीतरीच काय!" म्हणतात. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहिते.

नागपूरहून काटोलकडे जाताना शहराजवळच जुनापाणी लागतं. तिथे सुमारे ३०० वर्तुळांची नोंद झालेली आहे. स्टोनहेंजसारखं मान वर करून बघावं असं इथे काही नाही. ओबडधोबड मोठे दगड गोलाकार मांडलेले, आत माती आणि दगडगोट्यांचा भराव, आणि त्या भरावाखाली दफन. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. त्यांच्या मांडणीचा दिशांशी संबंध असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदून पाहिलं, आणि १९६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नाईकुंड इथे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खननं केली आणि या लोकांचं चित्र बरंच स्पष्ट झालं. काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३००.

मी वर्षानुवर्षं शाळेत इतिहास शिकवला. कुठलाही नवा धडा काढला, की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, तेव्हा राजा कोण होता?" या वर्तुळांपुढे त्या प्रश्नाला उत्तर नाही. या लोकांनी लिहिलेली एक ओळही आपल्या हाती आलेली नाही. पण त्यांनी आपल्या माणसांबरोबर पुरलेल्या वस्तू पुष्कळ काही सांगतात.

काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याच्या वस्तू, मणी. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला. घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज आणि लोखंडी लगामही मिळाले. हाडांवरच्या घावांच्या खुणांवरून घोडा मुद्दाम मारून पुरला असावा, असं अभ्यासक सांगतात. वाचून वाईट वाटतं. पण घोडा ही त्या समाजात केवढी मोलाची चीज होती, हेही त्यातूनच कळतं. जे सगळ्यात मोलाचं, ते मृताबरोबर द्यायचं.

पूर्वी वाटायचं, हे भटके लोक असावेत, कारण थडगी ढीगभर आणि घरं मात्र दिसत नाहीत. पण टाकळघाट आणि नाईकुंडला त्यांच्या वस्तीचेही थर मिळाले. नाईकुंडला तर लोखंड गाळण्याची मातीच्या विटांची भट्टी सापडली, सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. म्हणजे खनिज ओळखणारा, भट्टीची आच सांभाळणारा, भाता मारणारा असे कसबी लोक त्या वस्तीत होते. राहती घरं माती-लाकडाची, ती मातीत गेली. दगड वापरला तो गेलेल्यांसाठी. एवढाले दगड एकट्यादुकट्याने हलत नाहीत. एखादं माणूस गेल्यावर सारा गाव कामाला लागत असला पाहिजे. ज्या समाजाच्या राजाचं नाव ठाऊक नाही, त्याच्याबद्दल एवढं कळलं तरी थोडं नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुनापाणीचं स्थळ सरकारी संरक्षणाखाली आहे, पण विदर्भातली कितीतरी वर्तुळं नांगराखाली गेली, खाणींनी गिळली, काहींवर बांधकामं उभी राहिली. ताम्रपट जागचा हलला तरी त्यावरची अक्षरं वाचता येतात. वर्तुळाचं तसं नाही. दगड जागेवर आहे तोवर तो इतिहास. तो उचलून कोणाच्या कुंपणाला लावला, की मग नुसता दगड.

तेव्हा नागपूरकडच्या भाचरांनो, सुट्टीत पोराबाळांना एकदा जुनापाणीला जरूर न्या. दगडांवर चढू नका, काही उचलू नका. आणि पोरांनी राजाचं नाव विचारलं, तर त्यांना नाईकुंडच्या भट्टीची गोष्ट सांगा.

असो. आज इतकंच.