तिलोस : सोडलेल्या शेतांचे बेट

तिलोस या ग्रीक बेटाशी माझी ओळख झाली ती गोदावरीच्या गाळातून. आमच्या नाशिक जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या परिसरात सापडलेल्या प्राचीन हत्तीविषयी पिल्ग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९०५ साली लिहिले होते. त्या जातीचे ‘नमाडिकस’ हे नाव नर्मदेवरून आलेले; फाल्कनर आणि कॉटली यांनी ते १८४६ मध्ये दिले. जमिनीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत या हत्तीची गणना होते. त्याच्या भाऊबंदांची माहिती जमवताना एका वाक्याशी मी अडखळलो. याच पॅलिओलॉक्सोडॉन कुळातला एक हत्ती एजियन समुद्रातल्या एका बेटावर जेमतेम माणसाच्या उंचीचा होऊन राहिला होता! मी ना भूशास्त्राचा पदवीधर, ना ग्रीकचा जाणकार. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी काही वर्षांनी, सप्टेंबरअखेरीस, मी ऱ्होड्सच्या बंदरात तिलोसच्या बोटीत बसलो. बेटावर विमानतळ नाही. जायचे ते समुद्रानेच.

तिलोसचे क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस किलोमीटर, वस्ती आठशेच्या आत. लिवाडिया हे बंदराचे गाव आणि आतल्या बाजूला डोंगराच्या कुशीत मेगालो खोरिओ, म्हणजे ‘मोठे गाव’. (खोरिओ म्हणजे गाव, आपल्या ‘खोऱ्या’शी त्याचा काही संबंध नाही, पण कानाला घरचे वाटते खरे.) दोन्हींच्या मधल्या डोंगरात खार्कादिओ ही गुहा आहे. १९७१ मध्ये अथेन्स विद्यापीठाचे निकोलाओस सिमेओनिदिस यांना तिथे खुज्या हत्तींची हाडे सापडली. पुढे गेओर्गिओस थिओदोरू यांनी वर्षानुवर्षे तिथे उत्खनन केले आणि २००७ मध्ये ही स्वतंत्र जाती म्हणून ‘तिलिएन्सिस’ या नावाने नोंदली गेली. बेटावर चारा मोजका आणि सिंह-वाघांसारखा शत्रू नाही. अशा ठिकाणी प्रचंड देह हा फायदा न राहता ओझे होतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्राणी लहान होत जातो. युरोपातून हत्ती नाहीसे होत असताना अगदी शेवटपर्यंत जे टिकले, त्यांत हे तिलोसचे हत्ती होते.

हत्तींसाठी गेलो होतो, पण माझा मुक्काम लांबला तो मिक्रो खोरिओमुळे. हे ‘लहान गाव’ लिवाडियापासून चढणीच्या पायवाटेने तासाभराच्या आत येते. चाच्यांच्या भीतीने समुद्रापासून दूर, वर वसवलेले हे गाव आज पूर्ण ओस आहे. दगडी भिंती उभ्या, चुली जागच्या जागी, डोक्यावर मात्र आभाळ. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत माणसे इथून उतरली ती कायमची. समुद्राची भीती संपली होती आणि डोंगरावरची शेती पोट भरेनाशी झाली होती. काही जण लिवाडियात राहिले. बाकीचे ऱ्होड्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा वाटांनी गेले. जाताना त्यांनी छपरांच्या तुळया उपसून नेल्या, कारण झाडांचे दुर्भिक्ष असलेल्या बेटावर लाकूड ही भिंतींपेक्षा मोलाची वस्तू. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींनी स्वयंपाकघरातल्या एका काळ्या पडलेल्या तुळईवर हात ठेवून खुणेनेच डोंगराकडे बोट दाखवले. देऊळ तेवढे पांढरेशुभ्र ठेवलेले आहे. उन्हाळ्यात रात्री एका डागडुजी केलेल्या घरात मद्यालयही चालते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते खटकले. नंतर वाटले, निदान दिवा तरी लागतो.

तिलोसविषयी आजकाल जे छापून येते, त्यात ‘अस्पर्श निसर्ग’ हे शब्द हमखास असतात. माझा मतभेद तिथेच आहे. लिवाडियापासून लेथ्राच्या किनाऱ्याकडे पायवाटेने जा. ज्याला प्रवासी रानटी डोंगरउतार समजतात, त्यावर पायऱ्यापायऱ्यांचे दगडी बांध दिसतात. ती शेते आहेत. तिलोस हे शेजारच्या बेटांच्या मानाने पाणी धरून असलेले, धान्य पिकवणारे बेट. सेंट जॉनच्या सरदारांनी जागोजागी किल्ले बांधले, १५२२ च्या वेढ्यानंतर तुर्क आले, १९१२ मध्ये इटालियन आले, १९४८ मध्ये दोदेकानिस द्वीपसमूह ग्रीसमध्ये सामील झाला. राज्ये बदलत गेली आणि बांध घालणारे हात मात्र तेच राहिले. ते हात गेले तेव्हा त्या बांधांवर काटेरी झुडपे, ओवा-पुदिन्याच्या जातीची सुगंधी रोपे आणि शेळ्या आल्या. आज तिथे बोनेलीचा गरुड घिरट्या घालतो. कड्यांवर एलिओनोराचा ससाणा वीण करतो. हा पक्षी पिलांचा काळ मुद्दाम उन्हाळ्याच्या अखेरीस ठेवतो, कारण दक्षिणेकडे निघालेल्या स्थलांतरित पाखरांचे थवे तेव्हाच बेटावरून जातात; मग तो स्वतः मादागास्करकडे निघतो. माणसांनी सोडलेली जागा पक्ष्यांनी घेतली, असे म्हणणे सोपे आहे. पण ती त्यांच्यासाठी राखावी लागली. १९९३ पासून तिलोसवर शिकार बंद आहे. ग्रीक बेटांवर शिकार हा पुरुषांचा जुना शौक. त्यामुळे हा निर्णय रेटून धरणे सोपे नव्हते. पेशाने डॉक्टर असलेले महापौर तासोस अलिफेरिस यांनी ती बंदी टिकवली.

नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी पाहताना मला हाच प्रश्न पडत आला आहे. ते अभयारण्य म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्याने साठवलेला गाळ. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले, तेव्हा अभियंत्यांची आठवण कुणी काढली नाही.

पुढची गोष्ट वर्तमानपत्रांतून आलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तिलोसची वीज पूर्वी कोस बेटावरच्या तेलावर चालणाऱ्या केंद्रातून समुद्राखालच्या तारेने येई, आणि तार बिघडली की बेट अंधारात. युरोपीय संघाच्या मदतीने २०१५ ते २०१९ या काळात ८०० किलोवॉटची एक पवनचक्की, १६० किलोवॉटचे सौर फलक आणि मोठ्या बॅटऱ्या बसवल्या गेल्या. डिसेंबर २०२१ पासून दारोदार जाऊन कचरा वेगवेगळा गोळा होतो. रस्त्यावरच्या कुंड्या उचलल्या गेल्या, कचरा पुरण्याचे डोंगरावरचे मैदान बंद झाले. आजींच्या ओट्याखाली तीन डबे होते आणि माझी बाटली चुकीच्या डब्यात गेली तेव्हा ती न बोलता काढून योग्य डब्यात ठेवली गेली. मला यात नावीन्य कमी आणि जुनी सवय जास्त दिसली. ज्या बेटावर तुळईसुद्धा दोनदा वापरली, तिथे काच टाकून द्यायची कशाला?

साहित्याच्या वाचकांसाठी एक नाव सांगितलेच पाहिजे. एरिन्ना ही इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली कवयित्री. तिच्या जन्मगावांच्या जुन्या यादीत तिलोसही आहे. लग्नानंतर लगेच वारलेल्या बाव्किस या मैत्रिणीसाठी तिने ‘चाती’ हे विलापकाव्य रचले. परंपरेप्रमाणे ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी गेली. त्या काव्यातल्या चोपन्न ओळींचे तुकडे १९२८ मध्ये इजिप्तमधल्या पपायरसावर मिळाले. त्यांत दोघींच्या लहानपणीचा कासवाचा खेळ आहे. तिलोसकर तिला आपलीच मानतात. मीही त्यांच्याशी वाद घालत नाही.

आता प्रसिद्धी वाढली आहे. हिरवे बेट पाहायला माणसे येतात, आणि पावसाचे पाणी जेव्हा सर्वांत कमी असते त्या उन्हाळ्यातच येतात. आजींच्या नातवाला खोल्या वाढवायच्या होत्या. आजींचा विरोध नव्हता. फक्त विहिरीचे काय, एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. नातवाकडे त्याचे उत्तर होते की नाही, ते त्यांच्या ग्रीकमधून मला कळले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी लेथ्राच्या वाटेवर मला एक गोल फरसबंद जागा दिसली. कडेला उभे दगड, वारा लागेल अशा उंचवट्यावर. खळे! निफाडच्या शेतात लहानपणी पात धरलेली पाहिलेल्या माणसाला ते ओळखायला कुणी सांगावे लागत नाही. मी मधोमध मेढीची जागा शोधली. दगडांच्या फटींत शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि एक काटेरी झुडूप वाढले होते. मेढ काही सापडली नाही.