काटा, फीत आणि उतारा

वऱ्हाडात कोणी दोन महिन्यांनी भेटला आणि चेहरा जरा उतरलेला दिसला, की प्रश्न ठरलेला : "काहून गा, लयच वायला! तब्येत बरी हाये ना?" वाळणे म्हणजे काहीतरी बिघडणे, हा अर्थ त्या प्रश्नात मुरलेला आहे. आज त्याच अकोला-अमरावतीत सकाळी फिरायला जाणारे एकमेकांना विचारतात, "किती किलो उतरले?" पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे आपण कसे आलो, हा माझ्या काही वर्षांच्या वाचनाचा विषय आहे. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. पण जुनी व्यायामाची पुस्तके, वैद्यकाचे ग्रंथ आणि अलीकडचे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट ठळक होत गेली. शरीर ज्या मापाने मोजले जाते, त्याच मापाची अपेक्षा माणूस बाळगू लागतो. ते माप अपुरे असेल तर मेहनत चांगली चाललेली असतानाही माणूस हार मानतो.

पहिल्या प्रश्नामागे इतिहास आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ वऱ्हाडाने लागोपाठ सोसले. अशा मुलखात अंगावर मांस असणे ही खात्यापित्या घरची खूण होती. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, तो याच पिढीसाठी. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळ व व्यायामप्रकार जगाला दाखवले. आखाड्याचे माप होते ते जोर-बैठकांचा आकडा, मल्लखांबावरची पकड, दमसास. काल वीस बैठका निघाल्या, आज पंचवीस, म्हणजे प्रगती. काट्याची गरज कोणाला पडत नव्हती.

आयुर्वेदाचे मापही याच जातीचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे वर्णन येते. तिथे वजनाचा उल्लेख नाही. पोट आणि कुल्ले थुलथुलणे आणि देहाच्या आकाराला साजेसा उत्साह नसणे ही लक्षणे आहेत. पुढच्या अध्यायात लंघन नीट झाल्याच्या खुणा दिल्या आहेत : अंग हलके वाटणे, भूक-तहान एकत्र लागणे, झापड जाणे. सातव्या अध्यायात तर घातक सवय सोडण्याची रीतच सांगितली आहे. ती एकदम तोडायची नाही, चौथ्या-चौथ्या हिश्श्याने कमी करत जायची.

किलोची गोष्ट लंडनहून सुरू होते. विल्यम बँटिंग हा तिथला अंत्यविधीचे साहित्य पुरवणारा व्यावसायिक. वयाच्या साठीनंतर त्याने साखर, पाव, बटाटे कमी केले आणि १८६३ मध्ये आपला अनुभव पुस्तिकेत छापला. साधारण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. त्याने काटा आणि फीत दोन्ही वापरले होते. लोकांनी मात्र पौंड तेवढे लक्षात ठेवले.

१९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की यांनी हिशेब मांडला की एक पौंड वजनामागे ३५०० कॅलरी. गणित सोपे होते, म्हणून ते जगभर पसरले. रोज साधारण एका पोळीइतक्या, १०० कॅलरी कमी केल्या तर या हिशेबाने वर्षात पावणेपाच किलो आणि तीन वर्षांत चौदा किलो उतरायला हवेत. तसे होत नाही, कारण शरीर लहान झाले की त्याचा खर्चही घटतो. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे दुरुस्त केले. त्याच १०० कॅलरींनी अखेर सुमारे साडेचार किलो उतरतात. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळे व्हायला तीन वर्षे लागतात. तीन वर्षांनी चौदा किलोची वाट पाहणारा आणि सव्वाचार किलो उतरलेला माणूस स्वतःला आळशी ठरवतो. त्याची मेहनत खरी असते, हिशेब चुकीचा असतो.

या निराशेचेही मोजमाप झाले आहे. १९९७ मध्ये गॅरी फॉस्टर यांनी अमेरिकेत ६० स्थूल स्त्रियांना उपचाराआधी त्यांचे ध्येय विचारले. सरासरी उत्तर आले, ३२ टक्के वजन कमी व्हावे. १७ किलो उतरले तर ती निराशाच, असे त्यांनी सांगितले. ४८ आठवड्यांत सरासरी १६ किलो उतरले. एवढी मोठी घट, तरी जवळपास निम्म्या जणींना आपण 'निराशे'च्या रेषेपर्यंतही पोचलो नाही असेच वाटले असणार.

काटा आपल्या लोकांना आणखी एका बाबतीत फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी दडलेली असते, हे त्या एका फोटोने पटवले. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर धरली.

विदर्भाने या कथेत एक मोठे नाव दिले, डॉ. श्रीकांत जिचकार. त्यांचा दोन वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेला. त्या आहारपद्धतीवर वाद झाले आणि होतील. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : सुरुवातीलाच उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्या, हा आग्रह. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ही दुसरी तपासणी साधारण तीन महिन्यांची कहाणी सांगते. कालच्या पुरणपोळीने ती बिघडत नाही आणि परवाच्या उपवासाने सुधारत नाही.

काटा न हलताही लाभ होतो, याचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा तीन वर्षे अभ्यास केला आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आहार-व्यायाम बदललेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. वजनात मात्र सांगण्यासारखा फरक पडला नव्हता.

खरे तर अकोल्याच्या कापूस बाजाराला हे शिकवावे लागत नाही. गाडीतला कापूस किती क्विंटल, हे काटा सांगतो. पण व्यापारी आधी मूठभर कापूस हातात दाबून ओल पाहतो आणि मग उताऱ्याचा अंदाज घेतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तेहेतीस-पस्तीस किलो; बाकी बहुतेक सरकी. सरकारी खरेदीतही ८ टक्के ओलावा मूळ धरून त्यावर भाव कापतात. वजन म्हणजे रुई नव्हे, हे ज्याला बाजारात कळते, त्याला शरीराचेही कळायला हवे. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरतात ते किलो बहुतांशी ही ओल असते. तिसऱ्या आठवड्यात काटा अडतो आणि माणूस सोडून देतो, नेमका चरबी हलू लागलेली असताना.

म्हणून जुनी आणि नवी मापे जोडावीत असे मला वाटते. वजन रोज पाहिले तरी तुलना आठवड्याच्या सरासरीची करावी. महिन्यातून एकदा शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, फीत लावावी. तीन महिन्यांनी रक्त तपासावे. आणि आखाड्याप्रमाणे बैठकाही मोजाव्यात. मधुमेहाची औषधे चालू असतील तर जेवणातला कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

फराळानंतरच्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो वर दिसेल. चिवड्या-चकलीच्या मिठाने धरलेले पाणी त्यात बरेच असते. फीत काढायची ती महिनाअखेरीस.