पीएमपीचे नवे तिकीटदर: रोज तिकीट काढायचं की पास?

१ जून २०२५ पासून पीएमपीएमएल बसचे तिकीटदर बदलले. त्याआधीची दरवाढ २०१४ ची. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिका लावणारी मुलंमुली मला अजूनही एकच प्रश्न विचारतात: "पास काढू की रोज तिकीट?" उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं, पण हिशेब सोपा आहे. चला, बघूया.

टप्पा म्हणजे काय?

बसचं तिकीट अंतराच्या टप्प्यावर ठरतं. आधी २-२ किलोमीटरचे ४० टप्पे होते. आता फक्त ११ आहेत:

- ५ किमीपर्यंत: १० रुपये
- ५ ते १० किमी: २० रुपये
- १० ते १५ किमी: ३० रुपये
- १५ ते २० किमी: ४० रुपये
- २० ते २५ किमी: ५० रुपये
- २५ ते ३० किमी: ६० रुपये
- त्यापुढे दर १० किमीला १० रुपये जास्त; ८० किमीपर्यंत ११० रुपये

म्हणजे वाढ सगळ्यांना सारखी बसलेली नाही. आधी कमीत कमी तिकीट ५ रुपये होतं, आता १०. अप्पा बळवंत चौकातून दोन-तीन थांब्यांवर उतरणाऱ्याचं तिकीट थेट दुप्पट झालं. फायदा एवढाच की सुट्ट्या पैशांची कटकट कमी झाली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

एक, तुमचा थांबा टप्प्याच्या सीमेवर असेल तर एक थांबा आधी उतरून १० रुपये वाचू शकतात. मात्र अंतर बसच्या मार्गाचं धरतात, मॅपवर दिसणाऱ्या जवळच्या रस्त्याचं नाही. पेठांमध्ये एकेरी रस्ते बरेच आहेत, त्यामुळे जाताना आणि येताना बसचा रस्ता वेगळा असू शकतो.

दोन, बस बदलली की नवीन तिकीट. सलग ९ किमीला २० रुपये लागतात. तेच ३ आणि ६ किमी असं दोन बसने गेलात तर १० आणि २० मिळून ३० होतात.

पास कधी परवडतो?

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीसाठी रोजचा पास ७० रुपयांना आहे, महिन्याचा १५०० ला. आधी ४० रुपयांपासून रोजचा आणि ९०० पासून महिन्याचा पास मिळायचा. विद्यार्थी आणि ज्येष्ठांचे सवलतीचे पास वेगळे. इथला हिशेब साध्या पासचा आहे. जाऊन-येऊन रोजच्या तिकिटाचे किती होतात ते बघा:

- रोज ४० रुपये: २६ दिवसांचे १०४० होतात. पास नको.
- रोज ६० रुपये: २२ दिवसांचे १३२०, २६ दिवसांचे १५६०. २५ दिवसांपेक्षा जास्त प्रवास असेल तरच पास काढा.
- रोज ८० रुपये: २२ दिवसांचे १७६० होतात. पास घ्याच.

सुट्टी, परीक्षा, गावी जाणं हे दिवस आधीच वजा करा. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. रोजचा पास एका दिवसात ७० पेक्षा जास्त तिकीट होणार असेल तरच काढा, उदाहरणार्थ २० रुपयांच्या चार फेऱ्या.

फोनवर काय करायचं?

'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅपवर तिकीट आणि पास दोन्ही मिळतात, बस कुठपर्यंत आली तेही दिसतं. अ‍ॅप नको असेल तर वाहकाकडचा क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयने पैसे देता येतात. अ‍ॅपवर तिकीट काढलंत तर वाहक येईपर्यंत फोनची बॅटरी टिकेल एवढं बघा.

मेट्रोचं तिकीट वेगळं, त्यामुळे बस आणि मेट्रो दोन्ही वापरत असाल तर दोन्हींची बेरीज करूनच ठरवा.

माझा सल्ला: आधी एक आठवडा रोज काढलेल्या तिकिटांची रक्कम फोनच्या नोट्समध्ये लिहा. ती चारने गुणा. १५०० च्या वर गेली, तर पास काढा.